माळ्यावरच्या निगेटिव्ह उजेडात आणताना

साठ-सत्तरच्या दशकातला घरगुती आल्बम उघडला की काळ्या पानांवर चिकटवलेले लहान चौकोनी फोटो दिसतात, जेमतेम सव्वादोन इंच लांबी-रुंदीचे. आग्फाचा ‘क्लिक थ्री’ त्या काळात मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेला कॅमेरा. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात १२ फोटो निघत आणि प्रत्येक निगेटिव्ह साधारण सहा सेंटिमीटर लांब-रुंद असे. मोठी प्रत काढायला पैसे जास्त पडत, म्हणून स्टुडिओवाला निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून तेवढ्याच मापाची कॉन्टॅक्ट प्रिंट काढून देई. म्हणजे घरातली लग्नं, बारशी, पंढरपूरच्या वाऱ्या, नव्या सायकलीबरोबरचे फोटो हे सगळं त्या कुटुंबाने कायम सव्वादोन इंचांतच पाहिलं. निगेटिव्हमध्ये मात्र त्याहून कितीतरी जास्त उतरलेलं होतं. ती नीट स्कॅन करून पडद्यावर मोठी केली की भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचता येतो, मागच्या दुकानाची पाटी लागते, दुसऱ्या रांगेत अर्धवट झाकलेली व्यक्ती ओळखू येते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की निगेटिव्ह हाताशी असेल तर आल्बममधल्या प्रिंटचा फोनने फोटो काढून काम संपलं असं समजू नये. प्रिंट ही निगेटिव्हवरून काढलेली प्रत असते. लॅबमध्ये तिच्या कडा कापल्या गेलेल्या असतात, उजेडात ती फिकी पडलेली असते, तिच्यावर बोटांचे ठसे असतात. शिवाय निगेटिव्हच्या पट्टीवर फ्रेमचे क्रमांक असतात. आठव्या फ्रेममध्ये गणपती आणि अकराव्या फ्रेममध्ये कोण्या बाळाचं बारसं असेल, तर ते बाळ कधीचं हे कळायला तेवढा धागा पुरतो. आल्बममध्ये फोटो कुणीतरी आवडीप्रमाणे लावलेले असतात, तिथे हा क्रम हरवतो.

ही सगळी फिल्म ज्या प्लास्टिकवर आहे त्याचं नाव सेल्युलोज ट्रायॲसिटेट. त्याआधीची नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून भारतीय चित्रपटांच्या कितीतरी जुन्या प्रती कायमच्या गेल्या. घरगुती पाकिटांत नायट्रेट क्वचितच सापडते. फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं असेल तर त्या बाजूची काळजी नाही. १९५०च्या आधीची, कडेवर काहीही न छापलेली, पिवळी पडून चिकट झालेली फिल्म सापडलीच, तर ती घरात उष्णतेजवळ ठेवू नये आणि स्कॅनरच्या दिव्याखालीही घालू नये, जाणकाराला दाखवावी.

पण सेफ्टी फिल्म म्हणजे टिकाऊ फिल्म नव्हे. ॲसिटेट फिल्मची हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक प्रक्रिया होते आणि तिच्यातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल, सुटू लागतं. सुटलेलं आम्ल ही प्रक्रिया आणखी वेगाने घडवतं. बंद डब्यात ते कोंडून राहतं आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतं. फिल्म आक्रसते, वाकडी होते, शेवटी वरचा जिलेटिनचा थर सुरकुतून सुटतो. या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे कुठून गेली, तर भारत सरकारकडून! ट्रायॲसिटेट फिल्म १९४८मध्ये बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आतच इथल्या उष्ण, दमट हवेत ठेवलेली फिल्म बिघडत असल्याचं लक्षात आलं. अमेरिकेत रॉचेस्टरला इमेज परमनन्स इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या ॲसिटेट फिल्मला हा रोग जडायला साधारण ४० वर्षं लागतात, असा तिथल्या अभ्यासकांचा हिशोब आहे. मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल ते सप्टेंबर काय हवा असते हे वाचकांना सांगायला नको. १९७५ची पट्टी तिथे असेल, तर तिची मुदत केव्हाच उलटून गेली आहे.

त्यामुळे पेटी उघडल्यावर आधी वास घ्यावा. आंबट वास येणारी पाकिटं बाजूला काढावीत, बाकीच्यांपासून वेगळी ठेवावीत आणि स्कॅनिंगच्या रांगेत सगळ्यांत पुढे घ्यावीत. त्यानंतर रंगीत निगेटिव्ह आणि स्लाइड्स. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीची असते आणि चांगली धुतलेली असेल तर ती दीर्घकाळ टिकते. रंगीत फिल्मवरची प्रतिमा रंगद्रव्यांची असते आणि ती अंधारातसुद्धा हळूहळू विरतात. प्रत्येक द्रव्याचा वेग वेगळा, म्हणून जुन्या स्लाइड्स नुसत्या फिक्या न होता गुलाबी-जांभळ्या दिसू लागतात. याला सन्माननीय अपवाद कोडाक्रोमचा. १९३५मध्ये आलेली ही फिल्म अंधारात ठेवली तर तिचे रंग दशकानुदशकं टिकतात. कोडॅकने ती २००९मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅक्करी यांना दिला होता आणि त्यातल्या काही फ्रेम त्यांनी भारतात टिपल्या. घरात कोडाक्रोमच्या स्लाइड्स निघाल्या तर त्या आनंदाने रांगेत मागे ठेवाव्यात. कृष्णधवल निगेटिव्ह त्यांच्याही मागे.

बुरशीचा प्रश्न वेगळा. जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य, आणि पावसाळ्यात बंद राहिलेल्या पाकिटात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. इथे हात आवरायला हवा. बुरशी लागलेल्या भागातलं जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं दुबळं झालेलं असू शकतं, म्हणून पाण्याने पुसलं तर बुरशीबरोबर माणसंही निघून जातात. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा. एवढ्याने भागलं नाही तरच ९९ टक्के शुद्धतेचा आयसोप्रोपिल अल्कोहोल लिंट न सुटणाऱ्या कापडावर अगदी थोडा घेऊन, कडेच्या रिकाम्या भागावर आधी करून पाहून, हलक्या हाताने पुसावं. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात. तुरळक डाग तसेच राहू दिलेले बरे.

आता यंत्राकडे वळू. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच पैसे वाया जातात.

घरातला कागदपत्रांचा साधा स्कॅनर निगेटिव्हला चालत नाही, कारण तो कागदावरून परतणारा प्रकाश वाचतो. फिल्मला आरपार जाणारा प्रकाश हवा. झाकणातच दिवा असलेले फ्लॅटबेड स्कॅनर मिळतात. एप्सनचा ‘पर्फेक्शन व्ही ६००’ हा त्यातला सर्वांना माहीत असलेला. त्याच्या खोक्यावर ६,४०० डीपीआय (दर इंचामागे ठिपके) लिहिलेलं असतं, पण चाचणीच्या पट्टीवर पाहिलं तर खरा तपशील साधारण १,५००-१,६०० डीपीआयपर्यंतच उतरतो. त्यापुढचा आकडा लावला की फाइल फुगते, चित्र वाढत नाही. क्लिक थ्रीच्या मोठ्या निगेटिव्हसाठी एवढं भरपूर आहे. नुसत्या १,२०० डीपीआयवरही सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह सुमारे सात मेगापिक्सेल देते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची गोष्ट निराळी. तिची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची, तिथे १,५०० डीपीआयवर जेमतेम तीन मेगापिक्सेल हाती लागतात. पोस्टकार्ड साइज प्रिंटला ठीक, भिंतीवर लावायला नाही. ३५ मिलिमीटरसाठी प्लसटेकचे ‘ऑप्टिकफिल्म’सारखे खास फिल्म स्कॅनर असतात. ते ३,०००च्या पुढे खरा तपशील देतात, पण एका फ्रेमला काही मिनिटं घेतात, आणि १२० ची फिल्म त्यांतल्या बहुतेकांत मावतच नाही.

काही स्कॅनर इन्फ्रारेड किरण वापरून धूळ आपोआप काढतात. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि धुळीचा कण अपारदर्शक, त्यामुळे यंत्राला धुळीचा स्वतंत्र नकाशा मिळतो आणि तेवढीच जागा ते भरून काढतं. कृष्णधवल फिल्मवर ही सोय बंद ठेवायची, कारण तिथली चांदीही इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजतं. कोडाक्रोमवरही ती दगा देते.

माझं स्पष्ट मत असं, की ज्यांच्या घरी किंवा ओळखीत लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा आहे त्यांनी स्कॅनर विकत घेऊच नये. निगेटिव्हचा फोटो काढावा. हिशोब करून पाहा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फ्रेम काठोकाठ भरली, तर तो तपशील ४,२०० डीपीआयच्या आसपास जातो, आणि एका फ्रेमला लागतात काही सेकंद.

यासाठी लेन्सला अगदी जवळून टिपता आलं पाहिजे. मॅक्रो लेन्स असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिच्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब. ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी, म्हणून तिची साधी आवृत्ती काही शे रुपयांत मिळते. कॅमेऱ्यातला सेन्सर लहान, म्हणजे सुमारे २४ बाय १६ मिलिमीटरचा असेल तर फ्रेम दोन तृतीयांश आकारात उतरवायची असते आणि त्याला ३३ मिलिमीटरच्या आसपास नळी पुरते. स्वस्त नळीतून कॅमेऱ्याचे विजेचे संकेत लेन्सपर्यंत जात नाहीत, म्हणून ॲपर्चरची कडी लेन्सवरच असलेली जुनी लेन्स सोयीची.

याहून चांगला मार्ग गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत आहे. डार्करूम बंद होऊन वीस वर्षं झाली तरी एन्लार्जर बहुधा कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. त्याचा खांब म्हणजे कॅमेरा खाली तोंड करून बसवायला तयार स्टँड. त्याचं निगेटिव्ह कॅरिअर फिल्म सपाट धरण्यासाठीच घडवलेलं. आणि त्याची लेन्स सपाट पृष्ठभाग कोपऱ्यांपर्यंत रेखीव उतरावा म्हणूनच बनवलेली, ती ॲडॉप्टर आणि बेलोज लावून कॅमेऱ्यावर चढवता येते. शिवाय स्टुडिओ चालवणाऱ्या काकांना निगेटिव्हची कुठली बाजू कुठली हे न बघता कळतं. त्यांना सोबत घ्यावं, त्यांच्या वेळेचे पैसेही द्यावेत.

प्रकाशासाठी ९५च्या वर सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, असलेलं लहान एलईडी पॅनल उत्तम. नसेल तर डॉक्टरांकडचा जुना एक्स-रे बघायचा डबा चालतो. मात्र जुन्या पद्धतीच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, म्हणून शटर एक दशांश सेकंद किंवा त्याहून हळू ठेवायचं. टॅबलेटचा पांढरा पडदाही चालतो, पण फिल्म थेट पडद्यावर टेकवली तर पडद्याचे ठिपके चित्रात येतात. मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून फिल्म त्याच्यापासून एक-दोन बोटं वर उचलायची.

फिल्मची एक बाजू चकाकते, दुसरी मळकट दिसते. उजेड तिरपा पाडला तर मळकट बाजूवर प्रतिमेचा किंचित उठाव दिसतो. ही जिलेटिनची बाजू कॅमेऱ्याकडे ठेवावी आणि चित्र नंतर संगणकावर डावं-उजवं उलटवावं. कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे पाहायला फिल्मच्या जागी लहान सपाट आरसा ठेवायचा. लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. खोलीत अंधार, फ्रेमभोवती काळ्या कागदाची चौकट, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर आणि फाइल रॉ स्वरूपात. रॉचा आग्रह अशासाठी, की निगेटिव्हमध्ये उजेड-अंधाराचा पल्ला आकुंचित असतो. तो संगणकावर ताणावा लागतो आणि जेपीईजी ताणली की आकाशात पट्टे उमटतात.

कृष्णधवल निगेटिव्ह उलटी करणं सोपं. कुठल्याही प्रणालीत ‘इन्व्हर्ट’ म्हणायचं आणि काळा-पांढरा बिंदू लावायचा. रंगीत निगेटिव्ह उलटी केली की मात्र सगळं निळंभोर होतं आणि लोक हात टेकतात. तिथे आडवा येतो तिचा नारिंगी रंग. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात. निळसर-हिरव्या द्रव्याने खरं तर फक्त लाल प्रकाश अडवायचा, पण ते थोडा हिरवा आणि निळाही अडवतं. किरमिजी द्रव्य थोडा निळा अडवतं. नुसतं हे सोडून दिलं तर प्रिंटमधले रंग मळकतात. म्हणून कोडॅकच्या रसायनज्ञांनी १९४०च्या दशकात युक्ती काढली: ज्या जागी द्रव्य तयार होत नाही तिथे तेवढाच दोष भरून काढणारा पिवळा-तांबूस रंग राहील अशी रसायनं फिल्ममध्येच घातली. दोष सगळीकडे सारखा झाला आणि सारखा दोष एका फटक्यात वजा करता येतो. छपाईचा कागद ते काम करायचा, आता आपण करायचं. दोन फ्रेममधल्या रिकाम्या जागेचा रंग प्रणालीला दाखवायचा, मग उलटं करायचं, मग लाल, हिरवा, निळा हे तीनही पट वेगवेगळे ताणायचे. ‘डार्कटेबल’ ही मोफत प्रणाली ‘नेगाडॉक्टर’ या विभागात हे सगळं क्रमाने करून देते, ‘रॉथेरपी’मध्येही सोय आहे. रोलमधल्या एका फ्रेमवर जमलं की तीच मापं बाकीच्यांना लावता येतात, म्हणून एका रोलचं काम एकाच बैठकीत, एकाच उजेडात करावं.

स्लाइड्सना उलटं करायचं नसतं, पण त्यांचा गडद भाग फार गडद असतो. एकच स्लाइड कमी आणि जास्त एक्स्पोजरने दोनदा टिपून जुळवली, तर सावलीतल्या साडीचा काठही सुटत नाही.

फक्त फोन असेल तर? दुधी ॲक्रिलिक, टॅबलेट आणि फोन एवढ्यावर १२० च्या निगेटिव्ह चांगल्या उतरतात, ३५ मिलिमीटरच्या कामचलाऊ. फोनमधली वेगळी ‘मॅक्रो’ लेन्स बहुधा सर्वांत कमी दर्जाची असते. मुख्य लेन्सने थोड्या अंतरावरून टिपून फ्रेम कापावी, आणि प्रो मोड असेल तर रॉ घ्यावं. फोनचा खरा उपयोग यादी करायला. पूर्ण पट्ट्या एकत्र ठेवून एकेक फोटो घ्यायचा, उलटा करायचा, आणि कुठल्या फ्रेमवर मेहनत घ्यायची ते पडद्यावर ठरवायचं. ५० रोल म्हणजे ३६ प्रमाणे १,८०० फ्रेम. कुठल्याशा बागेतल्या कारंज्याच्या सहा फ्रेमना कोणी तपशिलात स्कॅन करत बसू नये, पण त्यातल्या एकीत आजीचा हसरा चेहरा असेल तर ती सोडूही नये. लॅबकडे देणार असाल तर ही निवड आधी केल्याने खर्च थेट कमी होतो, कारण दर फ्रेमवर असतो. २० रुपये धरले तरी १,८०० फ्रेमचे ३६,००० होतात, निवडलेल्या ३०० चे ६,०००. लॅबला विचारायचं ते इतकंच: खरा तपशील किती, टिफ मिळेल का, आणि पट्ट्या न कापता परत मिळतील का.

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. पीव्हीसीच्या जुन्या पाकिटांतून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालाव्यात आणि माळ्याऐवजी आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. टिफ फाइल्सच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

आणि नावं. माझ्या मते या कामातला सर्वांत महागडा भाग हाच आहे, कारण तो पैशाने मिळत नाही. स्कॅन केलेल्या फ्रेम टीव्हीवर मोठ्या लावाव्यात, घरातल्या ज्येष्ठांना समोर बसवावं आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत राहावं. फाइलमधली तारीख स्कॅन केलेल्या दिवसाची असते, ती ‘एक्झिफटूल’सारख्या मोफत साधनाने बदलून घ्यावी, नाहीतर १९६८चं लग्न गॅलरीत कालच्या फोटोंत सापडेल. फोटोखालच्या ओळीत ‘काकू’, ‘आत्या’ असं लिहू नये, दोन पिढ्यांनी ती कोणाची आत्या हे कोणालाच कळत नाही. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं लिहावीत. आपल्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलत असे, त्यामुळे माहेरच्या फोटोतली कुसुम आणि सासरच्या फोटोतली सुनंदा एकच आहे हे सांगणारी व्यक्ती गेली, की ती दोन बायका होऊन बसते. नाव लागत नसेल तिथे तसं स्पष्ट लिहावं, अंदाज असेल तर तो कोणाचा हेही लिहावं. मग त्या फ्रेम इंदूर-बडोद्याच्या, न्यू जर्सीच्या नातेवाइकांना पाठवून विचारावं. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, फोटो म्हणून पाठवलं की तो आकाराने दाबला जातो आणि मागच्या रांगेतला चेहरा पुन्हा ओळखू येईनासा होतो.